डुकरांवरचा उपाय

दिवाळी सरली की आमच्या घरात माणसांना जागा उरत नसे. पुढच्या खोलीत कापूस यायचा. आधी एका कोपऱ्यात, मग भिंतीच्या कडेकडेने, मग खिडकीच्या गजांपर्यंत. आणि संक्रांतीच्या सुमाराला तर दारातून आत पाऊल टाकलं की समोर आढ्याला टेकलेली पांढरी गंजी आणि तिच्यावर कुठेतरी कॅलेंडरातल्या देवाचा नुसता मुकुट. भाव चढला की विकू, असं बाबा दरवर्षी म्हणायचे, आणि भावाने बाबांचं कधी ऐकलं नाही. तोवर आम्ही गंजीच्या पायथ्याशी अंथरुणं टाकायचो. उंदीर आत सरकी फोडत बसायचे त्याचा कटकट आवाज यायचा, सकाळी अंगाला खाज सुटायची, आणि मोठीमाय उठल्याउठल्या गंजीला हात जोडून म्हणायची, "लक्ष्मी घरात हाये तं थोडी खाज सोसाच लागते." मोठीमाय म्हणजे बाबांची थोरली वहिनी. मोठे बाबा लवकर गेले, तेव्हापासून शेत बाबांचं आणि शब्द मोठीमायचा, अशी घरात वाटणी होती. माझी माय या दोघांच्या मधोमध चूल सांभाळायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही, म्हणून दोघंही तिच्यावर रागवायचे.

ही लक्ष्मी फार नाजूक. दूर बसलेल्या बाईचा हात लागला की ती पिवळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो, हे मोठीमायचं शास्त्र होतं. आता अडचण अशी, की दूर बसायची आमची जागा म्हणजे त्याच खोलीतला खिडकीखालचा कोपरा, आणि तिथे लक्ष्मी येऊन बसलेली. म्हणून सुगीत माय आणि मी पाळी आली की गोठ्यात बसायचो. तिथे म्हशीचं काही म्हणणं नव्हतं. शेतात मात्र सगळं उलट. वेचणीला बाया मिळेनात, मिळाल्या तर त्या आधी दुसऱ्याकडे शब्द देऊन बसलेल्या. अशा वेळी घरातले दोन हात चार दिवस गोठ्यात बसवून ठेवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा मोठीमायने निवाडा दिला: "झाडाले इटाळ नसते. गंजीले असते." म्हणजे बोंडातला कापूस मी वेचायचा, ओटीत भरायचा, गाठोडं बांधून डोक्यावर घरापर्यंत आणायचा आणि उंबऱ्याबाहेर ठेवून बाजूला व्हायचं, तिथून पुढे तो सोवळ्यात. मी एकदा विचारलं, "मोठीमाय, मंग उंबऱ्यापर्यंत आणताना काऊन नाही पिवळा पडत तो?" ती म्हणाली, "तोंड लय चालते तुह्यं, वने," आणि शास्त्र तिथेच संपलं.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांनीच पाकिटातलं बीटी बियाणं धरलं होतं. देशी कपाशी नावालाही राहिली नव्हती. बाजाराचं गाव जानेफळ, त्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांनी पऱ्हाटीच पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, आणि एसटीच्या थांब्यावर माणसं एकच बोलायची: लाल्या. कपाशीची पानं लाल पडायची, झाड उभ्या उभ्या सुकायचं, त्याला लाल्या म्हणत. कुणाच्या वावरात किती लाल झालं, कुणी काय फवारलं, फवारून काय झालं नाही, याच्यावर तासन् तास खल चालायचा. दुकानदार सांगे ते औषध आणायचं, आणि औषधाने फरक पडला नाही की पुढच्या फवाऱ्याला दुसरं. एखाद्या घरी माणूस गप्प गप्प राहू लागला की बायका त्याच्या घरी उगाच विरजण मागायला जायच्या आणि बघून यायच्या. त्या भीतीबद्दल कुणी बोलत नसे, पण गावात विरजण फार मागितलं जायचं. लाल पानांबद्दल मात्र सगळे मोकळेपणी बोलत, अगदी बायापोरींसमोर. घरातल्या बायापोरींचं जे लाल होतं, त्याला मात्र नावच नव्हतं. "कावळा शिवला" म्हणायचं, नाहीतर "अडचण". बिचाऱ्या कावळ्याला पत्ताही नसायचा.

आणि गंमत पाहा. घरात आढ्यापर्यंत कापूस, शिवारात क्षितिजापर्यंत कापूस, आणि गावात एका बाईकडे सुती कापडाचा तुकडा सापडेल तर शपथ. पूर्वी सुती लुगडी होती. ती धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली की त्यांची दुपटी व्हायची, आणि शेवटचा तुकडा बायांच्या कामी यायचा. आता बाजारातून यायच्या त्या गुळगुळीत, चमकणाऱ्या नायलॉनच्या साड्या. धुवायला सोप्या, वाळायला सोप्या, आणि पाण्याचा एक थेंब पितील तर हराम. बरं, त्याही आम्हाला पुरत नसत, कारण जुन्या साड्यांना आता दुसरं गिऱ्हाईक निघालं होतं: रानडुक्कर. डुकरं हिरवी बोंडं फोडायची, रोही, म्हणजे नीलगायी, शेंडे खायच्या, आणि जनावर रंगीत कापडाला बुजतं असं कुणीतरी शोधून काढल्यामुळे प्रत्येकाने आपल्या वावराला साड्यांचं कुंपण घातलं होतं. खुंट्या रोवायच्या, त्यांना आडव्या साड्या ताणून बांधायच्या. गुलाबी, जांभळी, मोरपंखी. लांबून पाहिलं तर वाटावं शिवारात कुणाचं लग्न आहे. बाबा घरातली साडी विरायची वाटच पाहत. मोठीमायच्या पेटीतली शेवटची दोन सुती लुगडीसुद्धा अशीच बांधावर गेली. मायला तेवढं एकदाच बोलताना ऐकलं मी, तेही चुलीला उद्देशून, "डुकराले साड्या हायेत. आम्हाले काय हाय?"

आमच्याकडे होते ते पोलक्याच्या अस्तराचे तुकडे, उशीचा अभ्रा, असंच काहीबाही. मी मोठ्या हुशारीने एकदा, पाळी नसतानाच्या दिवसांत, गंजीतला थोडा कापूस काढला, सरकी निवडली, आणि अस्तरात भरून जाडजूड घडी शिवली. कापसाच्या घरची मुलगी, कापूस वापरणार, यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पण कच्चा कापूस पाणी पीतच नाही. त्याला अंगचं तेल असतं की मेण, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सगळं त्याच्या अंगावरून ओघळून बाजूने गेलं, भर वर्गात, भूगोलाच्या तासाला, आणि नंतर धुतल्यावर आत त्याचा दगडासारखा गोळा झाला. इतकी वर्षं ज्याला आम्ही उशाशी घेऊन झोपलो, त्याने ऐनवेळी ओळख दाखवली नाही.

वाईट होतं ते वाळवणं. धुवायचं कुणी उठायच्या आत, न्हाणीच्या मागच्या दगडावर, आणि वाळत घालायचं गोठ्यामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या कुडाच्या आत, वर परकर टाकून. तिथे ऊन कधी गेलेलं नव्हतं. पावसाळ्यात तर ते तुकडे वाळायचेच नाहीत, आंबूस वास यायचा, आणि तसेच दमट पुन्हा वापरायचे. मांड्या सोलून निघायच्या. चट्टे उठले, ते पिकले. मी पाय फाकवून चालायला लागले, आणि मग त्या दिवसांत शाळेतच जाईनाशी झाले. आता लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा यायचं नाही. तेव्हा मी म्हशीच्या दावणीत तोंड घालून रडायची.

जानेफळच्या शाळेत मी दहावीला होते. महिन्यातले असे दिवस पडत गेले तेव्हा वर्गाच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की हजेरी भरली नाही तर परीक्षेचा भरवसा धरू नकोस. मी घरी येऊन तेच सांगितलं. मोठीमाय म्हणाली, "नाही बसली परीक्षेले तं काय खोळंबते? वेचणीले दोन हात वाढतीन." बाबा काही बोलले नाहीत. बाबांचं न बोलणं आमच्या घरात निकाल समजलं जायचं. आमच्या शेजारच्या मंगलीचं असंच झालं होतं. तिचे बाबा बोलले नाहीत आणि ती दिवाळीपासून घरी राहिली. मला शिकून कोण व्हायचं होतं ते माहीत नव्हतं. मला फक्त त्या गंजीच्या पायथ्यापासून उठून कुठेतरी जायचं होतं, आणि त्याला दुसरी वाट नव्हती.

त्याच सुमाराला शाळेत एक नर्सबाई आल्या. मुलांना बाहेर खेळायला पाठवून आम्हा मुलींना त्यांनी सांगितलं, की कापड वापरलंत तरी चालेल, पण ते गार पाण्यात भिजवा, साबणाने चोळा, आणि कडक उन्हात वाळवा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ऊन कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परवा पुण्यात माझ्या मुलीने असल्याच कापडी घड्यांचं पाकीट घरपोच मागवलं. त्यावर कपाशीच्या बोंडाचं चित्र आहे आणि खाली बारीक अक्षरांत हेच लिहिलंय: गार पाणी, साबण, ऊन. आम्ही विसाव्या मजल्यावर राहतो. मी म्हटलं, अगं, तुझं बरं आहे, इथपर्यंत डुक्कर येणार नाही. तिला काही कळलं नाही.

शिवायला मला शिकवलं शबानाच्या अम्मीने. शबाना माझ्या बाकावर बसायची. तिची अम्मी जानेफळात रजया आणि ब्लाउज शिवायची. मी का लंगडते हे शबानाने तिला सांगितलं असावं, कारण मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी काही न विचारता मशीनच्या खालचं गाठोडं सोडलं. "देख बेटा," त्या म्हणाल्या, "वरतून सुती पायजे, मऊ. दोन-तीन थर. आन खालून ही नायलॉनची साडी लाव. ती पानी पीत नाही म्हनून रडते ना तू? मग तिले तेच काम दे." दोन्ही बाजूंना पंख ठेवायचे आणि त्यांना टिचबटणं लावायची, म्हणजे घडी सरकत नाही. रजईच्या जुन्या खोळी त्यांनी मला दिल्या. गरम पाण्यात कधी बुडवायचं नाही, डाग बसतो. आधी नुसत्या गार पाण्यात पडू द्यायचं, पाणी पांढरं निघेस्तोवर पिळायचं, मगच साबण, हेही त्यांनीच सांगितलं. "आन धूप दिखा. धूप से शरम कायकी?"

ऊन सापडलं ते शेतात. एक दिवस वेचता वेचता मी बांधावर पाणी प्यायला गेले आणि त्या साड्यांच्या कुंपणाकडे पाहतच राहिले. साऱ्या शिवारात बायांचं कापड एवढ्या एकाच ठिकाणी उघड्यावर, भर उन्हात, सगळ्या गावासमोर फडफडत होतं, आणि कुणाला त्याची लाज नव्हती. उलट एखाद्याची साडी वाऱ्याने सुटली तर शेजारचा माणूस ती नीट बांधून द्यायचा. मी दुसऱ्याच महिन्यात घड्या शेतात नेल्या. लाईन, म्हणजे वीज, आली की विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यात धुवायच्या, आणि आतल्या बाजूने कुंपणाच्या दोरीला अडकवायच्या. टिचबटण लावलं की पडायची भीती नाही. खालची नायलॉनची बाजू बाहेर करायची, म्हणजे मोरपंखी साडीवर एक जांभळा तुकडा, एवढंच. दुपारपर्यंत पापडासारख्या कडक वाळायच्या. उन्हाचा वास यायचा त्यांना. मायने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्याही दोन घड्या माझ्या ओटीत टाकल्या. पुढच्या महिन्यात माझी एकही हजेरी चुकली नाही. पण धास्ती होतीच. बाबांना कळलं तर? वावरात इटाळाची कापडं टांगली, हे समजलं तर लाल्याचं सगळं खापर माझ्यावर फुटणार होतं, आणि शाळा त्याच दिवशी संपणार होती.

आणि नेमका तेव्हाच बियाण्याच्या कंपनीचा साहेब आला. आमच्या वावरात त्या साली लाल्या जरा कमी होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण साहेब म्हणाले तो त्यांच्या बियाण्याचा गुण, आणि त्यांनी आमच्याच वावरात शिवार फेरी ठेवली. गावातले पाच-पन्नास बाप्ये आले. प्रत्येकाला कंपनीची टोपी आणि कागदात एक वडा मिळाला, त्यामुळे लक्षपूर्वक ऐकत होते. माय आणि मी पलीकडच्या ओळीत वेचत होतो. घड्या कुंपणावर होत्या. काढायला जावं तर सगळ्यांसमोर जावं लागणार. साहेब बोंडं मोजत मोजत बांधापर्यंत आले आणि थांबले. "अरे वा! किसनराव, हे काय नवीन?" त्यांनी हात घालून एक घडी दोरीवरून सोडवली, उलटी केली, सुलटी केली. माझ्या हातातलं बोंड तसंच राहिलं. मायने पदर तोंडात धरला.

बाबा पुढे झाले. "तो आमचा घरचा उपाय हाये," ते म्हणाले. "डुकरांवरचा."

"असं? आणि काम कसं करतो?"

"डुकराचं नाक लय तेज राह्यते ना साहेब. वास घेते आन पळते."

आमचे शेजारी दामूकाका टोपी सावरत जवळ आले. त्यांना बाबांच्या वावरातलं काहीही चांगलं दिसलं की खपत नसे. त्यांनी घडी हातात घेतली, नाकाला लावली आणि म्हणाले, "वास तं साबणाचा येऊन राह्यला, किसना. आन याले टिचबटन काऊन लावलं बे?"

"वाऱ्यानं उडू नोय म्हणून," बाबा म्हणाले. एका दमात, न अडखळता. बाबा एवढं भराभर बोललेले मी आयुष्यात ऐकले नव्हते.

साहेबांनी घडी हातात धरून फोटो काढून घेतला. दामूकाकांनी दुसरी घडी निरखून पाहिली आणि थर मोजले. मला वाटत होतं की आता जमीन दुभंगेल, पण वऱ्हाडातली काळी जमीन फक्त उन्हाळ्यात दुभंगते.

संध्याकाळी जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेलात परतलेला ठेचा. मी ताटावर मान घालून होते. बाबांनी पहिला घास खाल्ला आणि कुणाकडेही न पाहता विचारलं, "वावरातले ते तुकडे कोणं बांधले?"

मायच्या हातातला उलथना थांबला. मी तोंड उघडणार एवढ्यात मोठीमाय म्हणाली, "मी बांधले."

मोठीमायला या गोष्टीशी काही घेणं राहिलेलं नव्हतं, तिची सुटका होऊन कैक वर्षं झाली होती. ती वावरात जाऊनही वर्ष लोटलं असेल, गुडघे दुखायचे. पण ती भाकरी मोडत शांतपणे बसली होती, जणू इटाळाचा तो सगळा कायदा दुसऱ्याच कुणी केला होता.

"दामू इचारून राह्यला," बाबा म्हणाले. "किती अंतरावर बांधा लागते?"

"दोन हातावर."

"आन रोज बांधाचे?"

"रोज नाही. महिन्यातून चार-पाच दिवस. धुऊन बांधाचे. मळकट ठेवले तं गुण जाते."

"कापड कोणतं लागते?"

"सुती," मोठीमाय म्हणाली. "नायलॉनले डुक्कर भेत नाही." मग थोडा विचार करून पुढे म्हणाली, "आन कुंपणाले इटाळ-बिटाळ नसते, वैनीनं सांगतलं म्हणा." शेवटचं वाक्य तिने का जोडलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण इटाळाचं कुणी विचारलंच नव्हतं. बाबा "हाव" म्हणाले आणि ताक प्यायले.

पुढच्या बाजाराला बाबांनी जानेफळातून मांजरपाटाचा अख्खा तागा आणला आणि मायसमोर ठेवला. "उपाय कमी पडून राह्यला," एवढंच बोलले. त्यानंतर भर दिवसा, पुढच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, माय, मी आणि शेजारणी बसून घड्या शिवायला लागलो. गावातल्या बाप्यांनी आपापल्या बायकांना फर्मावलं होतं, की किसनाच्या घरी जाऊन तो डुकराचा उपाय शिकून ये. बायका यायच्या, टिचबटणं लावायच्या आणि हसून हसून लोळायच्या. मंगली तर एकदा हसताना पडलीच ओट्यावरून. महिन्या-दीड महिन्यात साऱ्या शिवाराच्या कुंपणांवर जांभळे-गुलाबी तुकडे लटकले. माणसं येता-जाता ते सरळ करायची, खाली पडलेला उचलून लावायची, एकमेकांना सांगायची की तुह्यं बटन सैल हाये. दामूकाकांनी आपल्या बायकोला दटावलं, की दोन दिवस झाले उपाय धुतला काऊन नाही. डुकरं पूर्वीइतकीच येत होती. पण उपाय साऱ्या गावाने मान्य केलेला असल्यामुळे दोष डुकरांचा ठरला.

मला मात्र अजूनही धाकधूक होती. मोठीमायने माझ्यावरचं स्वतःवर घेतलं होतं, पण बाबांचा समज एक दिवस फिटेलच, असं मी धरून चालले होते. ओट्यावरचं हसणं त्यांच्या कानावर गेलं तर? दामूकाकूच्या तोंडून निसटलं तर? चारचौघांत आपण काय हातात धरून उभे होतो, हे कळल्यावर कुठला माणूस शांत राहील? परीक्षा जवळ येत होती. मी बाबांच्या समोर जायचंच टाळत असे. ते जेवायला बसले की मी पाणी ठेवून आत पळायची.

पौषातला दिवस होता. सकाळी आम्ही कापूस वेचला, घड्या धुऊन कुंपणावर टाकल्या आणि दुपारी घरी परतलो. वेचलेला कापूस बाभळीखाली गाठोडं करून ठेवला होता. तो बाबा बैलगाडीतून आणणार होते. तिसऱ्या प्रहरी एकाएकी अंधारून आलं. थंडीच्या दिवसांत, काही ध्यानीमनी नसताना, टपोरे थेंब पडायला लागले आणि मग सरळ ओतायलाच लागलं. माय दारात उभी राहिली. मोठीमाय गंजीवर कुठे गळतं का ते पाहत होती. "कापूस भिजते," माय म्हणाली. "वावरात एकच मेणकापड हाये. ते तरी टाकलं असन का त्यायनं?" भिजलेला कापूस म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो खरोखरच पिवळा पडतो, कुणीही हात न लावता.

पाऊस ओसरता ओसरता बाबा आले. अंगावरून पाणी निथळत होतं. गाठोडं गाडीतून उतरवून त्यांनी उंबऱ्याशी टाकलं तर त्याचा थप्प असा आवाज झाला आणि खालून पाण्याचा ओघळ निघाला. मायने कपाळाला हात लावला. पण बाबांच्या काखेत ते मेणकापड होतं, घट्ट गुंडाळून वर सुतळीने बांधलेलं. मोठीमाय म्हणाली, "चला, थोडा तरी कोरडा आणला." बाबांनी सुतळी सोडली. आत आमच्या घड्या होत्या. कोरड्या ठणठणीत, एकावर एक रचलेल्या, सगळ्यांची टिचबटणं लावलेली.

त्यांनी त्या मायच्या नाही, माझ्या हातात दिल्या. "घे," म्हणाले. "उद्या शाळा हाये तुह्यी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, केसांतलं पाणी झाडत होते. मी घड्या ओटीत घेतल्या. मग मोठीमाय उठली, न्हाणीकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी तापलेलं हाये, किसना. आंघोळ कर आन मंगच गंजीपाशी जा."

काऊन, असं बाबांनी विचारलं नाही. हातातली ओली टोपी खुंटीला अडकवली आणि सरळ न्हाणीत गेले.